घर खाली करायची नोटीस आलीय? मोफत वकील घेताना या चुका टाळा

घरमालकाची नोटीस हातात पडली की पहिला फोन ब्रोकरला जातो. मग ओळखीतल्या कुणा 'कोर्टात काम करणाऱ्या'ला, मग पोलीस चौकीत चक्कर. मोफत वकील देणाऱ्या सरकारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं आणि तोवर बऱ्याचदा एखादी मुदत उलटून गेलेली असते. तिथून वकील मोफत मिळतो, कोर्ट फी भरावी लागत नाही, नकला आणि टायपिंगचा खर्चही उचलला जातो. पण हुकलेली मुदत त्या वकिलाच्याही हातात नसते. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते बरंचसं तारखांबद्दल आहे.

उदाहरणं महाराष्ट्रातली घेतली आहेत, म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधली. गोव्याचा भाडे कायदा १९६८ चा आणि वेगळा आहे. मोफत मदतीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मात्र देशभर लागू आहे.

"आपण कुठे इतके गरीब?" म्हणून न जाणं

ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळतो, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कलम १२ मध्ये यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. यात न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये.

म्हणजे स्वतः नोकरी करणारी, पगारदार बाईसुद्धा पात्र आहे. फक्त एक गोष्ट पाहावी लागते: मदत त्याला मिळते ज्याच्या नावावर प्रकरण आहे. करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि अर्ज बायकोच्या नावाने, असं केलं की पहिल्याच टेबलावर अडतं. करार दोघांच्या नावावर असेल आणि समन्समध्ये दोघांची नावं असतील, तर बाईंनी आपल्या नावाने अर्ज करावा. आणि हेही सांगायला हवं की ही सोय घरमालकांनाही आहे. एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा आजींना भाडं बुडवणाऱ्याविरुद्ध असाच वकील मिळू शकतो.

दाखल्यासाठी थांबून राहणं

"आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढतो, मग अर्ज करतो" असं म्हणत लोक महत्त्वाचे आठवडे घालवतात. उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, तशी तरतूद कायद्यातच आहे (कलम १३). कार्यालयाने दाखला मागितलाच, तर अर्ज आधी दाखल करा, पोच घ्या, दाखला मागून द्या. अर्ज साध्या कागदावर हाताने लिहिलेला चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात.

कार्यालय सापडणं अवघड नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं (पुण्यात शिवाजीनगरला), तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. जाणं शक्य नसेल तर १५१०० हा मोफत क्रमांक आहे. नुसता सल्ला हवा असेल तर गावातल्या सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातून किंवा १४४५४ वर टेली-लॉ सेवेतून वकिलाशी बोलता येतं.

आपण भाडेकरू की लायसन्सी, हे न बघणं

बोलताना आपण सगळ्यांना भाडेकरूच म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळी माणसं आहेत. जुन्या चाळीत पागडीवर (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन, पुढे कमी भाड्यावर), पावती घेऊन राहणारा तो भाडेकरू. त्याच्याविरुद्धचा दावा मुंबईत धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात किंवा त्याच्या वांद्र्याच्या शाखेत चालतो. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर राहणारा तो लायसन्सी. मुदत संपली तर मालक त्याच्याविरुद्ध थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि तिथली पद्धत फार झटपट आहे. शेजारच्या काकांची केस वीस वर्षं चालली, म्हणून आपलीही चालेल, हा हिशेब इथेच चुकतो. त्या काकांकडे पागडीची खोली होती.

लायसन्सीसाठी सगळ्यात धोक्याचा कागद म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन 'मला ही केस लढवायची परवानगी द्या' असं मागावं लागतं. परवानगी मिळाली तरच पुढे बोलता येतं. प्रतिज्ञापत्र दिलं नाही, तर मालकाने अर्जात जे लिहिलंय ते तुम्ही कबूल केलं असं धरतात आणि ताब्याचा हुकूम होतो. नेहमीचं चित्र असं: समन्स आलं, ते ब्रोकरला दिलं, ब्रोकर म्हणाला "मी बोलतो मालकाशी, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मालकाने आठवडाभर गोड बोलून घेतलं. दिवाळी आली, मुलांच्या परीक्षा आल्या. मग कुणीतरी विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं तेव्हा पाकिटावरच्या तारखेला ३० हून जास्त दिवस झालेले होते.

म्हणून समन्स हातात येताच पहिलं काम: मिळाल्याची तारीख त्याच कागदावर पेनाने लिहा, पाकीट फेकू नका, दोन्हींचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी कार्यालयात. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य "साहेब, खूप अन्याय झालाय" हे नको. "मला अमुक तारखेला समन्स मिळालंय, अमुक तारखेला मुदत संपते" हे हवं. अर्जांच्या गठ्ठ्यातून तुमचा अर्ज वर येतो तो या वाक्यामुळे.

आणि पाकीट परत पाठवू नका. पोस्टमनला "इथे राहत नाही" सांगून किंवा सही नाकारून काही थांबत नाही. नाकारलेलं समन्स मिळालं असंच कोर्ट धरतं, फक्त आत काय लिहिलंय ते तुम्हाला कळत नाही.

डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसणं

याच्यामागचा राग मला पूर्ण समजतो. मालक डिपॉझिट बुडवतात, रंगाच्या नावाखाली कापतात, फोन उचलत नाहीत. तरीही हा मार्ग लायसन्सीला महागात जातो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर ठरलेल्या फीच्या (म्हणजे करारातल्या महिन्याच्या भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते. महिना १५ हजार फी असेल तर ३० हजार. डिपॉझिट ५० हजारांचं असेल तर ते दोन महिने पूर्ण व्हायच्या आतच संपतं आणि पुढचं देणं तुमच्या डोक्यावर चढत जातं.

त्यापेक्षा मुदत संपायच्या आधी मालकाला लेखी कळवा: अमुक तारखेला चावी देतोय, त्या दिवशी डिपॉझिट परत द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. घर सोडताना भिंती, नळ, गिझर, लाइटच्या मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढा आणि चावी दिल्याची पोच घ्या. मालक चावी घ्यायलाच येत नसेल तर ताबा द्यायला तयार आहोत, असं लेखी पाठवणं फार कामाला येतं. मग विधी सेवा प्राधिकरणात 'दाखलपूर्व' अर्ज करा, म्हणजे दावा दाखल व्हायच्या आधीच समेटासाठी. प्राधिकरण मालकाला बोलावतं. येण्याची त्याच्यावर सक्ती नसते, पण कोर्टाच्या शिक्क्याचं पत्र पाहून बरेच जण येतात. नाहीच आला तर पैशाच्या दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि त्यासाठीही मोफत वकील मागता येतो.

यात लोक जिथे हमखास फसतात ती जागा म्हणजे करारात लिहिलेला आकडा. डिपॉझिट एक लाख, त्यातले ४० हजार रोख, करारात ६० हजार. लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलंय ते कलम २४ च्या कामकाजात निर्णायक पुरावा मानलं जातं. वरचे ४० हजार सांगून सिद्ध करणं अतिशय कठीण. बँकेतून दिलेले पैसे, किंवा निदान मालकाचा "मिळाले" असा मेसेज हाच आधार.

'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?'

महाराष्ट्रात नोंदणी लागतेच, मुदत अकरा महिने असली तरी. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. स्टँप पेपरवर नोटरी केली की काम झालं, हे चूक. पण अशा करारावर राहत असाल तर घाबरून कार्यालयात जाणंच टाळू नका. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तुमची बाजू इथे उलट भक्कम असू शकते, म्हणून तो कागद लपवू नका, वकिलाला दाखवा.

रागाने भाडं थांबवणं

पागडीच्या भाडेकरूंमध्ये हे फार दिसतं. मालक गळती दुरुस्त करत नाही, म्हणून भाडं बंद. काही वर्षांनी थकबाकीचा दावा येतो. कायद्याने भाडेकरूला दोन संधी दिल्या आहेत: थकबाकीच्या मागणीची नोटीस दिल्यानंतर ९० दिवस झाल्याशिवाय मालकाला दावा करता येत नाही, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून पुढेही नियमित भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर जात नाही. दोन्ही वेळा लोक वाट बघत बसतात. मालक भाडं घेतच नसेल तर मनीऑर्डर करा आणि 'नाकारली' असा शेरा पडलेली पावती जपून ठेवा, किंवा बँकेत पाठवा. दिलेल्या पैशाची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

कुलूप तोडलं, पाणी तोडलं, आणि फक्त चौकीत जाणं

पोलीस म्हणतात "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा", आणि माणूस तिथेच हरतो. चौकीत जरूर जा, अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत घ्या, कारण ती तारखेचा पुरावा आहे. पण तिथे थांबू नका. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, संडास या अत्यावश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. भाडेकरू कोर्टात अर्ज करून अंतरिम आदेश मागू शकतो. कायदेशीर मार्गाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं असेल तर ताबा परत मागण्यासाठी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. लायसन्सीच्या बाबतीत मुदत संपली होती का, यावर वाद होतो, म्हणून करार आधी दाखवा.

इमारत पडली किंवा पाडली म्हणजे भाडेकरूचा हक्कही गेला, असंही सांगितलं जातं. तसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. धोकादायक इमारत सोडताना आपल्या खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद आणि ताब्याचे पुरावे घेऊनच बाहेर पडा.

फॉरवर्ड वाचून भांडायला जाणं

"नव्या कायद्याने दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं" हा मेसेज अधूनमधून फिरतो. तो २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यातला आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो.

लोकअदालतीत घाईने सही

लोकअदालत चांगली आहे, खर्च वाचतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. बाहेर येऊन "मला कळलं नव्हतं" म्हणून उपयोग होत नाही. सही करण्याआधी कागद मराठीत मोठ्याने वाचून घ्या. घर सोडायची तारीख, डिपॉझिटचा आकडा, ते कोणत्या दिवशी आणि कसं मिळणार, लाइट बिल कुणी भरायचं, आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर काय, या पाचही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. 'चावी आणि पैसे एकाच वेळी' हे वाक्य आग्रहाने घालून घ्या. पटत नसेल तर नकार देता येतो, प्रकरण परत कोर्टात जातं, त्याचा राग कुणी धरत नाही.

वकील मिळाला की निवांत होणं

प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलाला तुमच्या घराची गोष्ट माहीत नसते. करार, पावत्या, बँकेचे उतारे, लाइट बिलं, मेसेजचे प्रिंट तारखेप्रमाणे लावून द्या आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहा, पुढची तारीख लिहून घ्या.

या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, 'चहापाण्याला' किंवा 'कारकुनाला' म्हणूनही नाही. पैसे मागितले, तारखांना आला नाही, फोन उचलला नाही, तर भांडत बसू नका किंवा केस सोडून देऊ नका. ज्या कार्यालयातून वकील मिळाला तिथेच सचिवांच्या नावे लेखी अर्ज द्या, तारखा आणि काय घडलं ते लिहा आणि वकील बदलून मागा. मूळ अर्जच नाकारला गेला असेल तर कारण लेखी मागा. त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.