पोटातल्या बाळाची वाढ: कार्ड आणि रिपोर्ट कसे वाचायचे

तपासणीला आलेल्या बाईला मी सगळ्यात आधी विचारते, शेवटची पाळी कधी आली होती? पुढची सगळी मापं या एका तारखेवरून मोजायची असतात आणि नेमकी तीच कुठे लिहिलेली नसते. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. आमच्याकडे उत्तर मिळतं, "संक्रांतीच्या दोन दिवस आधी" किंवा "नागपंचमीला मी बाहेरची होते." हे उत्तर चांगलं आहे, कारण सण पक्का लक्षात राहतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो सण कोणत्या तारखेला होता ते बघा आणि लगेच लिहून ठेवा. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. पाळी १२ जानेवारीला आली असेल, तर १९ ऑक्टोबर.

पाळी अनियमित असेल किंवा अंगावरचं मूल पीत असतानाच दिवस गेले असतील, तर हा हिशोब चुकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. त्या वयात सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगानं वाढतात. त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून पाच-सात दिवसांच्या फरकानं दिवस ठरवता येतात. डॉक्टरांनी तेव्हा पक्की केलेली तारीख माता बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

या तारखेबद्दल मी इतकं सांगते त्याला कारण आहे. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बाळंतपणाची वेगळी तारीख छापून येते. मशीन त्या दिवशी बाळ जेवढं दिसतं तेवढ्यावरून दिवस काढतं. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर तारीख दोन आठवडे पुढे गेली की घरात म्हणतात, "बरं झालं, अजून वेळ आहे." पण तारीख पुढे गेलेली नसते. कदाचित बाळाची वाढ मागे पडलेली असते. शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीनं काढलेले दिवस दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून त्यावर नवी तारीख धरायची नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "पहिल्या सोनोग्राफीच्या हिशोबानं वाढ बरोबर आहे का?" आणि त्यासाठी पहिला रिपोर्ट सोबत असू द्या.

सरकारी वेळापत्रकात किमान चार तपासण्या आहेत: बारा आठवड्यांच्या आत पहिली, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. मी दर महिन्याला बोलावते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती तारीख राखून ठेवा.

उपकेंद्रात आम्ही हातानं आणि टेपनं बघतो. तपासणीआधी लघवीला जाऊन या, मूत्राशय भरलेलं असलं की माप चुकतं. बाराव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर हाताला लागतं, चोविसाव्याच्या सुमारास बेंबीपर्यंत येतं, छत्तिसाव्याला छातीच्या हाडाखाली पोचतं. त्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावला, तर चोवीस आठवड्यांनंतर सेंटिमीटर आणि आठवडे जवळपास सारखे येतात, म्हणजे तीस आठवड्यांना २८ ते ३२ सेंटिमीटर ठीक. एखाद्या वेळचा आकडा कमी आला म्हणून हाय खाऊ नका. मागच्या महिन्यापेक्षा किती वाढला ते बघा. दोन तपासण्यांमध्ये आकडा जागचा हललाच नाही, तर मी थेट डॉक्टरांकडे पाठवते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. ठोके ऐकताना नवऱ्याला आत बोलवा, असं मी प्रत्येक बाईला सांगते. एकदा कानांनी ऐकलं की पुढच्या तपासणीची तारीख तोच लक्षात ठेवतो.

अठरा ते वीस आठवड्यांमधली सोनोग्राफी सगळ्यात महत्त्वाची. त्यात मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय एकेक करून तपासतात. "सहावा लागला की करू" असं म्हणत बसू नका. काही गंभीर आढळलं तर पुढच्या तपासण्यांना आणि विचाराला वेळ लागतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं ठरवलेल्या कारणांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. तालुक्याला सोनोग्राफीचा नंबर उशिरा लागतो, म्हणून सोळाव्या आठवड्यातच नाव नोंदवा.

मुलगा की मुलगी हे तिथे विचारू नका, खुणेनंही नाही. १९९४च्या कायद्यानं ते सांगणंही गुन्हा आहे आणि विचारणंही. २०११च्या जनगणनेत आमच्या बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हा आकडा मला फार लागतो. सासूबाईंनी विचारलंच, तर मी म्हणते, "मामी, बाळाचं हृदय चांगलं आहे का, हे विचारा ना."

शेवटच्या तीन महिन्यांतल्या रिपोर्टवर डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची मापं असतात. त्यात पोटाच्या घेरावर, म्हणजे 'एसी'वर नजर ठेवा. बाळाला पोषण कमी पडलं की डोक्याआधी पोट मागे राहतं. वजन हा अंदाज असतो, दहा-पंधरा टक्के फरक पडतोच. रिपोर्टवर अडीच किलो असेल, तर बाळ सव्वादोनचं किंवा पावणेतीनचंही असू शकतं. गर्भजलाचा आकडा, 'एएफआय', पाचच्या खाली किंवा पंचविसाच्या वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाचव्या महिन्यात "वार (प्लॅसेंटा) खाली आहे" असं लिहून आलं, तर बहुतेकींची ती पुढे वर सरकते. बत्तीस आठवड्यांच्या आसपास पुन्हा बघून घ्या, आणि मध्ये रक्त दिसलं तर थांबू नका. सातव्या महिन्यात बाळ पायाळू असलं तरी बहुतेक बाळं छत्तीस आठवड्यांपर्यंत फिरतात.

आईचे आकडे हे बाळाचेच आकडे आहेत. हिमोग्लोबिन ११च्या खाली नको. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, महिन्यात तीन किलोंहून जास्त वजन वाढणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४०च्या खाली हवी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

आमच्याकडे वाढीची साखळी दोन ठिकाणी तुटते. एक, सातव्या महिन्यात ओटी भरून बाई माहेरी जाते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांना मागचं काहीच दिसत नाही, मग एकाच मापावर काय ठरवणार? दुसरं, दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला निघते आणि पाचवा-सहावा महिना असलेली बाई कोयत्याबरोबर सांगली-कोल्हापूरकडे जाते. दोघींनाही माझं एकच सांगणं: माता बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं एका प्लास्टिक पिशवीत घाला आणि प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. कार्डावरचा आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, तिथल्या आशाताईंना दाखवला की नोंद पुढे चालू राहते. उसाच्या फडाजवळच्या गावात पोचल्याबरोबर आशाताई कोण आहेत ते विचारून घ्या.

आणि दोन तपासण्यांच्या मधले दिवस तुमच्या हातात आहेत. पहिलटकरणीला हालचाल अठरा ते वीस आठवड्यांत कळायला लागते. अठ्ठाविसाव्यापासून रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. प्रत्येक बाळाची वेळ आणि चाल वेगळी असते, ती चार-आठ दिवसांत ओळखीची होते. नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर "बाळ झोपलं असेल" म्हणून सकाळची वाट बघू नका. १०२ला फोन करा, गाडी मोफत येते. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा.