संयुक्त संशोधनाचा करार करताना

दोन कंपन्या एकत्र संशोधन करायला बसल्या की चर्चा लगेच नफ्याच्या वाटणीवर घसरते. असे करार लिहून देणं हे माझं रोजचं काम, आणि मी तो विषय आधी बाजूला ठेवायला लावते. पहिल्यांदा दोघांनीही लिहून द्यावं: आपल्याला काय येतं, काय येत नाही. १९७९ मध्ये फिलिप्स आणि सोनी कॉम्पॅक्ट डिस्कसाठी एकत्र आल्या. फिलिप्सकडे लेझरने तबकडी वाचण्याचा अनुभव होता, तर सोनीकडे डिजिटल ध्वनीतल्या चुका दुरुस्त करण्याचं तंत्र. १९८२ मध्ये डिस्क बाजारात आली.

मग पेटंटचं बघा. इथे घाई अजिबात नको. प्रत्येकाचं आधीपासूनचं ज्ञान परिशिष्टात नावानिशी नोंदवा. एकत्र काम करताना जन्मेल ते वेगळं. ही रेघ पुसट राहिली की इंजिनिअर एकमेकांसमोर तोंड उघडत नाहीत, आणि नवी कल्पना तिथेच अडते.

सुरुवात छोट्या विषयाने करा. फायझर आणि बायोएनटेक २०१८ पासून फ्लूच्या लशीवर एकत्र काम करत होत्या, म्हणून २०२० मध्ये कोविडच्या लशीसाठी ओळखीपासून सुरुवात करावी लागली नाही.

वेगळं होण्याच्या अटीही पहिल्याच दिवशी लिहा: नमुने, नोंदवह्या, डेटा कुणाकडे राहील, तेही.