घरी मॉन्टेसरी सुरू करायचंय? आधी ऑनलाइन कार्ट रिकामी करा

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की आईबाबांच्या फोनवर एक यादी येऊन पडते. इंद्रधनुष्यी कमान, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, स्वयंपाकघरात मुलाला उभं करायचं लाकडी मचाण, जमिनीलगतचा बिछाना. सगळ्यांच्या नावाआधी 'मॉन्टेसरी', म्हणजे मुलानं वस्तू हाताळत, खरी कामं करत आपलं आपण शिकायची डॉ. मारिया मॉन्टेसरींची पद्धत. हे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही, त्यामुळे शाळेच्या पाटीवर, खेळण्याच्या खोक्यावर, गादीवर कुणीही ते छापू शकतं आणि छापतंच. गादीचं मला विशेष हसू येतं. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर गादी घालून झोपलेल्या माणसांना जमिनीवरची गादी हजारो रुपयांना विकायची, म्हणजे विकणाऱ्याची कमालच.

बालवाडीत शिकवताना आणि पालकांच्या घरी जाताना मी एवढं पाहिलंय की सामानावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते मुलाला काम दाखवताना आणि दाखवून झाल्यावर गप्प बसताना. म्हणून त्या दोन पायऱ्यांवर सविस्तर बोलते, बाकीचं भराभर उरकते.

जागा

मुलाचा हात पोचेल असं एक बुटकं कपाट किंवा मांडणी. त्यावर चार-पाच ट्रे, जास्त नकोत. एका ट्रेत एकच काम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू. बसायला पाट किंवा छोटी चटई. झालं.

सामान

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत काढलं. तिथे खेळणीही होती, पण मुलं ती उचलायची नाहीत. त्यांना हाताळायची साधनं आणि खरी कामं हवी असत. आपल्याकडे ताराबाई मोडक भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात ही पद्धत शिकल्या आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तयार साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. साधनाचा हेतू पक्का कळला असेल तर शिंपल्यानंही काम भागतं. तो कळला नसेल तर आयात केलेला ठोकळाही नुसता ठोकळाच.

मॉन्टेसरी शाळांतला तो प्रसिद्ध गुलाबी मनोरा घरी आणूच नका. त्यात दहा घन असतात, एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरोबर एका सेंटीमीटरने मोठा. स्वस्त नकलेत हे माप चुकतं आणि माप चुकलं की साधनाचा अर्थच उरत नाही. शिवाय मूल मॉन्टेसरी शाळेत जात असेल तर तेच साधन घरी आणून तुम्ही बाईंचं काम बिघडवता. शाळेत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, लहान मूल मोठ्याकडे बघून शिकतं, कामाला सलग दोन-तीन तास मिळतात. घरात हे होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. घराकडे वेगळी श्रीमंती आहे: खरा स्वयंपाक, खरं पाणी, खरी धूळ.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मटार सोलणं, बोथट सुरीनं केळ्याचे काप करणं, रुमालाची घडी घालणं. तिसऱ्या वर्षापासून कोथिंबीर निवडणं, पाणी ओतणं, कणकेच्या लाट्या करणं, केरसुणीनं केर सुपलीत भरणं. पुढे बटणं लावणं, पोळी लाटणं, देवासाठी वाती वळणं. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते: तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे, मणी, वाटाणे, शेंगदाणे देऊन दुसऱ्या खोलीत जायचं नाही. घशात अडकायला क्षण पुरतो. ओतण्यासाठी कच्चा राजमा नको, तो चावून पोटात गेला तर बाधतो. तांदूळ घ्या.

दाखवणं

इथे गाडं अडतं. बहुतेक पालक 'दाखवणं' म्हणजे 'समजावून सांगणं' असं धरून चालतात. "हे बघ सोनू, आता आपण काय करणार आहोत? आपण हा जग उचलणार आहोत, बरं का, हळूच हं, नाहीतर सांडेल, मग आजी रागावेल..." एवढ्या शब्दांत हात कुठे दिसणार? दोन-तीन वर्षांच्या मुलाला कान आणि डोळे एकदम चालवता येत नाहीत. तुम्ही बोललात की ते तुमच्या तोंडाकडे बघतं आणि हातानं काय केलं ते निसटून जातं.

म्हणून नियम एकच: हात चालू असताना तोंड बंद. बोलायचंच असेल तर हात थांबवा, बोला, मग पुन्हा हात हलवा.

पाणी ओतण्याचं उदाहरण घेऊ. ट्रेत चोच असलेलं एक छोटं भांडं, एक फुलपात्र आणि एक स्पंज. भांड्यात फुलपात्रात मावेल त्याहून थोडं कमीच पाणी. काचेचं चालेल का, असं विचारतात. चालेल, पण पहिल्या आठवड्यात नको. मूल म्हणजे दुकानातली कपबशी नव्हे, पण तुमच्या मनाला तेवढी उसंत हवी.

तुम्ही उजव्या हातानं काम करत असाल तर मुलाच्या उजवीकडे बसा, म्हणजे तुमचा हात आड येत नाही. "तुला पाणी ओतायला दाखवते" एवढं एकच वाक्य. मग भांड्याचा कान तीन बोटांनी धरा. थांबा. दुसऱ्या हाताचा आधार द्या. थांबा. उचला, चोच फुलपात्राच्या मधोमध आणा, पुन्हा थांबा. आता ओता, तुम्हाला स्वतःला कंटाळा येईल इतकं हळू. शेवटी चोचीवर एक थेंब लटकतो. त्याच्याकडे तुम्ही स्वतः टक लावून बघा, तो पडेपर्यंत. मोठ्यांना हा थेंब कधी दिसतच नाही, मुलाला मात्र त्या थेंबासाठीच काम पुन्हा करावंसं वाटतं. भांडं खाली ठेवा, ट्रेवर सांडलेलं पाणी स्पंजनं टिपा, स्पंज जागेवर ठेवा.

सांडलंच नसेल तर मुद्दाम थोडं सांडा. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. आपण सगळं नीटनेटकं करून दाखवतो, मुलाच्या हातून सांडतं, मग ते आपल्या चेहऱ्याकडे बघतं. सांडणं आणि पुसणं हे दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत, हे त्यानं आधीच पाहिलेलं असेल तर बघायची वेळच येत नाही. ते सरळ स्पंज उचलतं.

मग "आता तू करतेस?" किंवा "करतोस?" असं विचारा. नको म्हणालं तर ट्रे मांडणीवर परत ठेवा आणि विषय सोडा. समजूत घालायची नाही, आमिष दाखवायचं नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या दिवशी कुणाचं लक्ष नसताना स्वतःच ट्रे आणतं.

आणि मग हात मागे

सगळ्यात अवघड काम हे, आणि ते मुलाचं नाही, तुमचं आहे. मूल भांडं उलट्या हातानं धरतं, फुलपात्राऐवजी ट्रेत ओततं, मध्येच बोट घालून चाटतं. तुमचा हात आपोआप पुढे जातो. तो आवरा.

हात लावायच्या वेळा तीनच: मुलाला इजा होणार असेल, ते दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा वस्तू मोडत असेल. बाकी काहीही चुकत असलं तरी बसून राहा. पाणी चुकीच्या जागी गेलं हे मुलाला पाणीच सांगतं, त्यासाठी तुमची गरज नाही. काम निवडतानाच चूक आपली आपण दिसेल असं निवडायचं, म्हणजे बोलायची पाळी येत नाही. पुढच्या वेळी दाखवताना जिथे चुकलं तिथे जास्त थांबा, पण ते आज नाही.

'शाब्बास'ही नको. हे ऐकून आज्या माझ्यावर फार चिडतात. पण बघा, मूल खाली मान घालून ओतत असतं, तुम्ही टाळ्या वाजवता, ते मान वर करतं, हसतं आणि काम सुटतं. सान लोरेन्झोमध्ये तीनेक वर्षांची एक मुलगी ठोकळ्याच्या खाचांत दंडगोल बसवत होती. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, मुलीची खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली, तरी ती थांबली नाही. चाळीसहून जास्त वेळा तेच करून, मन भरल्यावर ती आपणहून उठली. अशा एकाग्रतेला शाब्बासकी म्हणजे व्यत्ययच. काम संपवून ते स्वतः तुमच्याकडे आलं तर दिसलं तेवढंच म्हणा: "पुसूनही ठेवलंस."

हात मागे ठेवायला त्यांना काहीतरी काम द्यावं लागतं, हे अनुभवानं सांगते. रिकामे हात पुढे जातातच. गवार मोडायला घ्या, कपड्यांच्या घड्या घाला, मुलापासून दोन हातांवर बसा. फोन अजिबात नको. व्हिडिओ काढणारी आई ही मुलाला टाळ्या वाजवणाऱ्या आईपेक्षा जास्त अडथळा असते, कारण दोन दिवसांत मूल कॅमेऱ्यासाठी ओतायला लागतं. घरोघरच्या 'मॉन्टेसरी कोपऱ्यांचे' रील बघून मला तर हेच दिसतं: सुंदर मांडणी, आणि कामाऐवजी कॅमेऱ्याकडे बघणारं मूल.

मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे

"आमच्याकडे मॉन्टेसरी आहे, आम्ही तिला कशालाच नाही म्हणत नाही." हे वाक्य कानावर आलं की माझा पारा चढतो. मॉन्टेसरींच्या बालगृहात काम मुलानं निवडायचं असे, पण दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही, दुसऱ्याच्या हातातलं साधन ओढायचं नाही आणि काम झालं की जागेवर ठेवायचं, यात सूट नव्हती.

घरातही तसंच. आंघोळ करायची की नाही, हा प्रश्न मुलाला विचारायचाच नाही. आधी डोकं धुवायचं की पाय, हे त्यानं ठरवावं. तांदूळ उधळले तर ओरडू नका, व्याख्यान देऊ नका. "तांदूळ ओतायचे असतात. आज हे ठेवून देऊ." ट्रे उचला, वर ठेवा, दुसऱ्या दिवशी परत द्या. त्याच दिवशी रडण्याला भुलून परत दिलात तर पुढचा आठवडाभर तांदूळ झाडत बसाल.

भातुकलीबद्दलही विचारतात: मॉन्टेसरीत खोटं-खोटं खेळणं चालत नाही ना? फेकून देऊ नका हो. मुद्दा इतकाच की खरं काम करायला मिळत असताना त्याच्याऐवजी खोटं देऊ नये. ज्याला खरी कणीक मिळते त्यानं दुपारी भातुकली मांडली तर कुणाचं काय बिघडलं? गोष्टींचंही तेच. गिजुभाईंच्या बालमंदिरात गोष्टी पोटभर असत आणि त्यांनी स्वतः मुलांसाठी कितीतरी लिहिल्या.

आजी-आजोबांना तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नका. भरवण्यावरून भांडण होतं, ते टाळायचं तर आजीलाच दाखवणाऱ्याच्या जागी बसवा. वाती वळणं, शेंगा सोलणं, फुलांचा हार करणं त्यांच्याइतकं सावकाश कुणालाच दाखवता येत नाही.

अक्षरं, आलीच वेळ तर

मॉन्टेसरी म्हणजे तिसऱ्या वर्षी वाचायला लावणं, हा गैरसमज शाळांच्या जाहिरातींनी वाढवलाय. घाई नको. चौथ्या वर्षाच्या आसपास मूल पाट्यांकडे बोट दाखवून "हे काय लिहिलंय?" विचारायला लागलं, की बारीक पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोन बोटांनी, लिहितो त्याच दिशेनं, गिरवून दाखवा.

एका वेळी दोन-तीनच अक्षरं, आणि ती दिसायला व ऐकायला एकमेकांहून वेगळी. म आणि भ बरोबर देऊ नका, घ आणि ध तर नकोच. क, म, ल द्या, लगेच 'कमल' जुळतं.

शिकवण्याच्या तीन पायऱ्या मॉन्टेसरींनी सेगँ या फ्रेंच डॉक्टरांकडून घेतल्या. आधी "हा क", "हा ल". मग "क कुठे आहे?", "ल माझ्या हातावर ठेव", "म खिडकीत ठेवून ये". शेवटी, एकेका अक्षरावर बोट ठेवून, "हा कोणता?" मधली पायरी सगळ्यात लांब चालायला हवी, कित्येक दिवस. पालक मात्र पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतात, कारण त्यांना परीक्षा घ्यायची असते, तीही पाहुण्यांसमोर. तिसऱ्या पायरीवर चुकलं तर "नाही, चूक" म्हणायचं नाही, बरोबर उत्तरही सांगायचं नाही. अक्षरं गोळा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी "हा क" पासून पुन्हा सुरू करा.