घरकर्ज आहे म्हणून जुनी करप्रणाली? आधी हिशेब मांडा

नोकरी बडोद्यात, मांजलपुरात भाड्याचं घर आणि जळगावला आईवडील राहतात त्या घरावर कर्ज. अशा पगारदारांनी आर्थिक वर्ष २०२५-२६ चं प्राप्तिकर रिटर्न भरण्याआधी जुनी आणि नवी अशा दोन्ही करप्रणालींचा कर काढून पाहावा. नव्या प्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट नाही, स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जाचं व्याजही वजा होत नाही. तरी पुष्कळदा तीच स्वस्त पडते.

धरा, वर्षाचा पगार १५ लाख. नव्या प्रणालीत ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) गेली की १४,२५,००० उरतात. सेससह (करावरच्या उपकरासह) कर ९७,५००.

आता जुनी. आधी एचआरए. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ७,५०,०००, मिळालेला एचआरए ३,००,०००, भाडं महिना २०,०००. तीन आकडे काढा: मिळालेला एचआरए, वर्षाच्या भाड्यातून बेसिक-डीएचे १० टक्के वजा, म्हणजे १,६५,०००, आणि बेसिक-डीएचे ४० टक्के. सर्वांत लहान आकडा तेवढीच सूट, इथे १,६५,०००. मुंबईहून बदलून आलेले सवयीने ५० टक्के धरतात, बडोद्याला ४०च.

पुढे स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, कलम ८०सीची गुंतवणूक-बचतीची वजावट १,५०,००० (कर्जाचं मुद्दल यातच), घरकर्जाचं व्याज कमाल मर्यादेइतकं २,००,०००, आरोग्यविमा २५,०००, गुजरातचा व्यवसायकर २,४००. उरले ९,०७,६००, कर ९७,७८०. एवढं सगळं लावूनही जुनी २८० रुपयांनी महागच! मात्र साठी ओलांडलेल्या आईवडिलांच्या विम्याचे ५०,००० तुम्ही भरत असाल, तर कर १०,४०० नी उतरतो आणि जुनीच घ्यावी.

दावे अडकतात ते कागदांपायी. भाडं वर्षाला लाखावर गेलं की घरमालकाचा पॅन लागतो. भाडं बँकेतूनच द्या. रोखीची पावती चौकशीत टिकवणं अवघड. व्याजाचा दाखला बँकेकडून घ्या, ईएमआयच्या बेरजेवरून आकडा टाकू नका. बांधकाम पूर्ण होण्याआधीच्या वर्षांचं व्याज एकदम मागता येत नाही; ते पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत मिळतं, तेही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत. घर फक्त पत्नीच्या नावावर असेल, तर हप्ते तुम्ही भरूनही व्याजाची वजावट तुम्हाला नाही.

कंपनीने नव्या प्रणालीने टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कापला असला तरी पगारदाराला रिटर्नमध्ये जुनी निवडता येते. पण रिटर्न मुदतीत हवं. उशिरा भरलं की नवीच लागू होते.