आंटींचे पणजोबा आणि नऊ वर्षांचा जावई: विलायतेतला पूर्वज कसा शोधावा

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात माझी एकतीस वर्षं गेली. फेरफार, कोतवाल बुक, गाव नमुना चौदा आणि त्यांच्या नकला. निवृत्त झाल्यावर पिवळ्या कागदाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण भुसावळला जामनेर रोडवर आमच्या शेजारी ज्या अँग्लो-इंडियन आंटी राहतात, त्या एका मे महिन्यात भर दुपारी बाप्तिस्म्याचा एक दाखला घेऊन आल्या. कूलरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही लोकांचे आजे-पणजे काढून देत होते ना? माझा पण काढा. क्रूचा होता म्हणतात.”

क्रू हे इंग्लंडात चेशायर परगण्यातलं रेल्वेचं गाव. आपल्या भुसावळसारखंच रुळांच्या जिवावर वाढलेलं. भुसावळवरून जाणारी जुनी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिची कंपनी लंडनात उभी राहिली होती, आणि सुरुवातीच्या काळात ड्रायव्हर, फिटर तिकडून करारावर आणले जात. तेव्हा आंटींच्या घरातली गोष्ट खरी असू शकत होती. पण घरातली गोष्ट ही गावठाणातल्या तोंडी हद्दीसारखी असते. मोजणी होईपर्यंत ती कुणाचीच नाही. आंटींनी खरं आडनाव लिहायला मनाई केली आहे, म्हणून इथं आपण त्या घराण्याला हॅरिस म्हणू.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती ही, की एकदम विलायतेत उडी मारतात. मीही मारली. हॅरिस नावाचे लोक तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतके आहेत. वय जुळलं, नाव जुळलं, रेल्वेचा धंदाही जुळला, म्हणून मी स्विंडनचा, म्हणजे तिकडच्या दुसऱ्या एका रेल्वेच्या गावचा, एक हॅरिस धरून बसलो. दोन महिने त्याच्या मागे गेले. आंटींनी ऑस्ट्रेलियातल्या भाच्यांना कळवूनही टाकलं. मग १८९१ च्या शिरगणतीत तो बाबा स्विंडनलाच बायको-मुलांसह जेवताखाता सापडला, आणि त्याच वर्षी आमचे हॅरिस भुसावळात पोराचा बाप्तिस्मा करत होते. तेव्हापासून माझा नियम असा: माणूस सापडला असं वाटलं की लगेच त्याला पुढच्या शिरगणतीत शोधायचं. तो तिथंच असेल तर तो आपला नाही.

तर सुरुवात इथून करायची. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी केलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबईची मालिका एन/३. घरबसल्या शोधायला फॅमिलीसर्च फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. ब्रिटिश इंडियातल्या घराण्यांसाठी फिबिस नावाच्या संस्थेची सूचीही फुकट चाळता येते. भुसावळचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा, भोसावलसुद्धा. आणि जिल्हा जळगाव टाकू नका. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, त्याआधीच्या कागदावर नुसतं खानदेश असतं.

आंटींच्या आजोबांचा बाप्तिस्मा १८८४ चा. त्यावरून बापाचं नाव मिळालं, त्यावरून बापाचं म्हणजे पणजोबांचं लग्न: १८८२, मुंबई. लग्नाच्या नोंदीत वय २४, अविवाहित, धंदा फायरमन, बापाचं नाव थॉमस. एवढा ऐवज घेऊन मग बोटीत बसायचं.

आता तिकडचे दोन कागद समजून घ्या. शिरगणती सांगते की अमुक एका रात्री माणूस कोणत्या छपराखाली होता. लग्नाचा दाखला सांगतो की त्याचा बाप कोण. एक आडवा धागा, एक उभा. एकट्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दोघांना एकमेकांची साक्ष द्यायला लावायची.

शिरगणती दर दहा वर्षांनी. नावं मिळतात ती १८४१ पासून. पण १८४१ चा कागद कंजूष आहे: पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढलेलं, म्हणजे ४० लिहिलं तर ४० ते ४४ धरा, आणि नातं लिहिलेलंच नाही. खरा ऐवज १८५१ पासून. कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, लग्नाची स्थिती, धंदा आणि जन्माचं गाव. गणतीदार घरोघर तक्ते वाटायचा, गोळा करायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. आपल्याला दिसते ती त्याची वही. मूळ तक्ते, खुद्द घरच्यांच्या अक्षरातले, १९११ चे मिळतात. १९३१ ची गणती १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. तुमचा माणूस त्या काळातला असेल तर युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये केलेलं लोकांचं रजिस्टर बघा.

गणतीदाराने ऐकलं तसं लिहिलं, हे विसरू नका. तिकडे कष्टकरी लोक शब्दाच्या सुरुवातीचा ह खाऊन टाकतात, तेव्हा हॅरिस हा ॲरिस म्हणूनही लिहिलेला सापडेल. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. आपण जळगावला जयगाव म्हणतो आणि केळीला केयी. एखाद्या परक्या कारकुनाने ते ऐकून लिहिलं असतं तर काय झालं असतं?

पणजोबा १८८१ मध्ये क्रूला सापडले. वय २२, धंदा इंजिन स्टोकर, म्हणजे आपला फायरमनच. नातं: भाडेकरू. घरमालक कोणी इंजिन ड्रायव्हर होता. आपला माणूस मिळाला म्हटल्यावर मी त्या ओळीला पिवळा मार्कर लावला आणि पुढे गेलो. जन्मगाव क्रूच, म्हणून १८६१ ची गणती काढली. बापाचं नाव थॉमस, मजूर, वय ३०. बायको मेरी. आमचे पणजोबा दोन वर्षांचे. आणि त्यांच्या वर एक मुलगा, आडनाव वेगळं, त्याला प्राइस म्हणू, वय ९. नात्याच्या रकान्यात लिहिलेलं: जावई.

नऊ वर्षांचा जावई! आमच्या सौभाग्यवतींनी मान हलवून म्हटलं की बालविवाहाचं खापर आपल्याच डोक्यावर का फोडतात मग. मी पण चक्रावलो. दोन दिवसांनी उलगडा झाला. त्या काळच्या इंग्रजीत जावयाचा जो शब्द, सन-इन-लॉ, तोच सावत्र मुलालाही लावत. कायद्याने झालेला मुलगा, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत जावई वेगळा, सावत्र वेगळा, म्हणून आपण हमखास फसतो. सून या शब्दाचंही तेच, ती सावत्र मुलगी असू शकते.

आणि हा एक शब्द कळला की लग्नाचं कुलूप उघडतं. मेरीचा हा पहिल्या घरचा मुलगा. म्हणजे थॉमसशी तिने पाट लावला तेव्हा ती विधवा होती, आणि लग्नाच्या सूचीत ती माहेरच्या आडनावाने नाही, तर प्राइस या आडनावाने असणार. मुलगा १८६१ मध्ये नऊचा, थॉमसचा मुलगा १८५८ चा, तेव्हा लग्न या दोघांच्या मधलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू, लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. तिची सूची तिमाहीवार लागते: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते. सूचीत मिळतं नाव, नोंदणीचा जिल्हा, खंड आणि पान. जोडीदाराचं आडनाव सूचीत यायला लागलं ते १९१२ पासून, त्याआधी नाही. मग जोडी कशी जुळवायची? एका पानावर बहुधा दोन लग्नं असतात. नवरा आणि नवरी दोघांचा खंड आणि पान एकच पाहिजे. पानाच्या आकड्यावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावं समोर येतात. थॉमस हॅरिसच्या पानावर मेरी प्राइस दिसते का, एवढंच बघायचं.

मी क्रू जिल्हा टाकला आणि हाताशी काहीच लागलं नाही. दोन रात्री गेल्या. क्रू गाव त्या काळी नँटविच नावाच्या नोंदणी जिल्ह्यात होतं, हे नकाशा बघितल्यावर कळलं. स्विंडनही असंच हायवर्थमध्ये सापडतं. ज्याने कधी तालुका बदललेल्या गावचा जुना सातबारा शोधला आहे त्याला हे सांगायला नको. नँटविच टाकल्यावर १८५७, सप्टेंबर तिमाही, खंड ८ए, एकाच पानावर दोघं.

इथं थांबू नका. सूची म्हणजे कागद नव्हे. सूचीवरून वारस लावायला निघालेली माणसं मी कचेरीत रोज बघितली आहेत. खंड आणि पान देऊन तिकडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून दाखला मागवायचा, ऑनलाइन पैसे भरून. जन्म-मृत्यूच्या बऱ्याच जुन्या नोंदी तिथून संगणकावर मिळतात, पण लग्नाचा दाखला कागदी, टपालाने येतो. पत्त्यात पिन कोड आणि मोबाइल नंबर नीट घाला.

आमचा लिफाफा आला त्या दिवशी आंटी भरीत घेऊन आल्या होत्या. हात धुवून मी दाखला टेबलावर पसरला आणि नेहमीसारखा डावीकडून वाचायला घेतला. तारीख ऑगस्टमधली. थॉमस, वय २७, अविवाहित, मजूर. मेरी, वय २९, विधवा. धंद्याच्या रकान्यात तिच्यासमोर रेघ. पत्ता दोघांचा एकच. आंटी गालात हसल्या, पण त्यावरून काही ठरवू नका. लग्नाआधी चर्चमध्ये घोषणा करावी लागे, ती दोन वेगळ्या चर्चच्या हद्दींत करायचा खर्च वाचावा म्हणून लोक सर्रास एकच पत्ता देत. शेवटचे दोन रकाने सोन्याचे: बापाचं नाव आणि बापाचा धंदा. थॉमसचा बाप विल्यम, शेतमजूर. मेरीच्या बापाचं आडनाव, म्हणजेच तिचं माहेर, पहिल्यांदाच कळलं. बापाचा रकाना कुठं कोरा दिसला तर तो मुलगा लग्नाबाहेरचा असण्याची शक्यता धरा. बाप मेलेला असला तरी कारकून ते लिहीलच असं नाही, तेव्हा नाव आहे म्हणून बाप जिवंत होता असं समजू नका. वयाच्या जागी आकड्याऐवजी “सज्ञान” असं लिहिलेलं भेटेल, त्याचा अर्थ फक्त एकवीस किंवा वर.

खाली सह्या. थॉमसची सही. मेरीच्या नावाच्या मध्ये फुली आणि “हिची खूण” असे शब्द. मी अंगठ्याचे हजारो ठसे बघितले आहेत, शाई सांडलेले, पुसलेले, दोनदा उठवलेले. आंटी बराच वेळ त्या फुलीवर बोट ठेवून बसल्या. “म्हणजे आमच्या घरात पण होते,” एवढंच म्हणाल्या.

पुढचा रस्ता मग सरळ आहे, पाळीपाळीने तोच जिना चढायचा. बापाचं नाव विल्यम आणि धंदा शेतमजूर हातात घेऊन १८५१ आणि १८४१ च्या गणतीत जायचं. शेतमजूर तिकडे संक्षेपात “ॲग लॅब” असं लिहितात, पानंच्या पानं भरलेली असतात. १८५१ मध्ये जन्माचं गाव मिळतं. १८३७ च्या मागे सरकारी नोंद नाही, तिथून त्या गावच्या चर्चच्या वह्या लागतात. त्या काही ठिकाणी १५३८ पर्यंत मागे जातात, पण मला अजून तिथवर जायची गरज पडलेली नाही.

एक काम मात्र मी उशिरा केलं, ते तुम्ही आधी करा. गणतीत आपल्या माणसाच्या ओळीपुरतं वाचायचं नाही, अख्खं घर वाचायचं, शेजारची दोन घरंही. मागच्या महिन्यात आंटींनी विचारलं, “त्या जावयाचं पुढं काय झालं हो?” मी १८८१ ची क्रूची तीच प्रत पुन्हा काढली, पिवळा मार्कर लावलेली. भाडेकरू हॅरिस, वय २२, फायरमन. त्याच्या चार ओळी वर घरमालक, ज्याचं नाव मी तेव्हा वाचलंही नव्हतं. इंजिन ड्रायव्हर, वय २९, आडनाव प्राइस.