गाण्यांच्या मधलं संगीत घरी कसं वेचायचं

‘मौसम’ची गाणी मदनमोहनची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मदनमोहन 1975 च्या जुलैमध्ये गेले आणि सिनेमाचं पार्श्वसंगीत सलील चौधरींनी केलं, हे मात्र श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचणाऱ्यांनाच माहीत. आमचे बाबा तसे वाचणारे. रेकॉर्ड आणली तर त्यात ‘दिल ढूँढता है’ दोन्ही चालींत, ‘रुके रुके से कदम’ही, पण सलीलदांचं काहीच नाही. दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघतात तेव्हा मागे जे वाजतं, ते विकत मिळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आज या वयातही मी ते शोधते आहे. एवढ्या वर्षांत जे शिकले ते लिहून ठेवते, कारण ‘हे संगीत मिळवायचं कसं’ असं मला विचारणारे अजून भेटतात.

आधी हे संगीत बाहेर का येत नाही ते समजून घ्या, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल. गाणी शूटिंगच्या आधी रेकॉर्ड होत आणि रेकॉर्ड कंपनी तीच विकत घेई. पार्श्वसंगीत सिनेमा कापून-जोडून झाल्यावर, पडद्यावर रीळ चालवून, एकेका रिळासाठी वाजवलं जाई. ते भोकं असलेल्या मॅग्नेटिक फिल्मवर उतरे. मग संवाद, आवाज आणि संगीत अशा तिन्ही पट्ट्या एकत्र करून एकच मोनो पट्टी व्हायची. संगीताची वेगळी पट्टी सांभाळून ठेवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. आपल्या हातात आहे ती एकत्र झालेली पट्टी. त्यातून संगीत वेगळं काढणं म्हणजे भाजलेल्या पोळीतून मीठ काढण्यासारखं आहे. पूर्ण निघत नाही, थोडंफार निघतं.

आता कामाला लागा. पहिला दिवस फक्त वही आणि हेडफोन. कॉम्प्युटरवर काहीही करायचं नाही. सिनेमा लावा आणि संगीत सुरू झालं की वेळ लिहा, थांबलं की वेळ लिहा. शेजारच्या रकान्यात त्यावर काय चढलंय ते लिहा: संवाद, गाडी, पावलं, पाऊस. काहीच नसेल तर ‘मोकळा’. मी मोकळ्या तुकड्यांना लाल पेन्सिलीने चांदणी काढते. प्रेमाच्या सिनेमांचं एक बरं असतं. मारामारीच्या संगीतावर ढिशुमढिशुम असतं, विनोदी प्रसंगात माणसं बोलायची थांबत नाहीत, पण दोघं खरोखर एकमेकांच्या जवळ आली की बोलणं बंद होतं आणि संगीत एकटं उरतं. त्यामुळे ज्यासाठी जीव तळमळतो तेच तुकडे बहुधा सगळ्यात सहज मिळतात. चांदण्या मोजून झाल्या की कळतं, पुढचं काम किती थोडं आहे.

रेकॉर्डिंगसाठी मी डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिना एका लहानशा यूएसबी ऑडिओ डब्यात घालते आणि कॉम्प्युटरवर ऑडेसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या, कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिनेमा चालेल तेवढा वेळ रेकॉर्ड करते. आवाजाची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली ठेवा. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

इथे माझी फजिती सांगते. कोणीतरी सांगितलं होतं की डाव्या-उजव्यातला एक आवाज उलटा करून दुसऱ्यात मिसळला की संवाद नाहीसे होतात. मी केलं. संवाद नाहीसे झाले. संगीतही नाहीसं झालं. पूर्ण शांतता! चार दिवस मी त्या डब्यालाच दोष देत होते. मग डोक्यात प्रकाश पडला की सिनेमा मोनो आहे, म्हणजे डावीकडे जे तेच उजवीकडे, आणि मी तेच त्यातूनच वजा करत होते. ही युक्ती स्टिरिओ सिनेमालाच चालते, आणि तिथेही मध्यभागी ठेवलेलं एकटं वाद्य संवादाबरोबर जातं. नव्या, सहा वाटांच्या आवाजाच्या सिनेमांत संवाद बहुतेक मधल्या वाटेवर असतात. तिथे ती वाट बंद केली की निम्मं काम होतं.

मोनोसाठी हल्ली आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आहेत. मी डेमुक्स वापरते. ते फाइलच्या चार वाटण्या करतं: गाता-बोलता आवाज, ड्रम, बेस आणि उरलेलं सगळं. पण ते पॉपगाण्यांवर शिकलेलं आहे, त्यामुळे बासरी किंवा एकट्याचं व्हायोलिन आलं की ते त्याला माणूस समजतं. एकदा माझी अख्खी बासरी ‘आवाज’ फाइलमध्ये जाऊन बसली होती, संवादाच्या शेजारी. म्हणून ‘आवाज’ फाइल फेकायच्या आधी पूर्ण ऐका. बासरी सापडली तर तेवढाच तुकडा कापा आणि त्याच सेकंदावर ‘उरलेल्या’त परत चिकटवा. मोकळ्या तुकड्यांना तर हे यंत्र लावूच नका. त्यांना काहीही झालेलं नाही.

आता सूर तपासा, ही पायरी लोक हमखास विसरतात. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो 25 ने चालवतात, म्हणजे चार टक्के जलद. पांढरी एकमधलं संगीत काळी एकच्या दिशेने जवळपास पाऊण वाट चालून जातं आणि पेटीवर कुठेच बसत नाही. त्याच सिनेमातलं गाणं रेकॉर्डवरच्या गाण्याशी ताडून बघा. तेवढाच फरक दिसला तर ऑडेसिटीत वेग उणे चार टक्के करा. वेगच बदला. नुसता सूर बदललात तर लय तशीच धावती राहील. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीड्या एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीच्या आहेत, त्यांना हे लागत नाही. आधी कानाने खात्री करा.

खरखर काढताना हात आखडता घ्या. दोन सेकंदांची नुसती खरखर निवडून नमुना द्या आणि सहा डेसिबलपर्यंतच जा. त्यापुढे व्हायोलिनं पाण्याखाली वाजायला लागतात. तिखटपणा वाढवूनही उपयोग नाही. त्या काळी थिएटरात जाणाऱ्या फिल्मच्या कडेला आवाजाची ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने वाचली जाणारी पट्टी असे, तिच्यावर वरचे सूर फारसे उतरतच नसत, वाढेल ती फक्त खरखर.

हे सगळं स्वतःच्या कानांसाठी. संगीताचे हक्क कोणाकडे तरी आहेत, तेव्हा इंटरनेटवर चढवू नका. मला कोणी फाइल मागितली तर मी वहीचा फोटो पाठवते, त्यावर वेळा लिहिलेल्या असतात. फार आग्रह झाला तर सरगम पाठवते, कारण आवडलेली प्रत्येक ओळ मी पेटीवर बसवून लिहून ठेवते. हार्ड डिस्क माझ्या दोन गेल्या, वही एकही नाही. सलीलदांपासूनच सुरुवात करायची असेल तर ‘मौसम’नंतर ‘काला पत्थर’ घ्या. त्यातही गाणी दुसऱ्याची, राजेश रोशनची, आणि पार्श्वसंगीत सलीलदांचं. त्यांचंच पार्श्वसंगीत असलेल्या ‘कानून’ आणि ‘इत्तफाक’मध्ये तर गाणीच नाहीत, पण प्रेमाचं काही शोधत असाल तर तिकडे जाऊ नका.

जुन्या कॅसेट असतील तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मगच वाजवा. आमच्याकडे एक आहे. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ‘मौसम’ लागला तेव्हा बाबांनी टू-इन-वन टीव्हीसमोर स्टुलावर ठेवून ती भरली होती. घरात कोणी खोकायचंसुद्धा नाही असा हुकूम होता. गेल्या पावसाळ्यात मी तीही डेमुक्सला दिली. ‘उरलेलं’ बरं निघालं, व्हायोलिनं ओळखू येतात. ‘आवाज’ फाइलमध्ये शर्मिला टागोरचं एक वाक्य, कुकरच्या दोन शिट्ट्या आणि आईचं दबलेलं “अगं, गॅस बारीक कर.” ती फाइल मी कापलेली नाही.