लादी फोडण्याआधी लाइन आतून बघा

गणपतीच्या दिवसांत मला येणारे फोन बहुतेक एकाच प्रकारचे असतात. मुंबईची मंडळी आली आहेत, घरात अठरा माणसं आहेत आणि सकाळी आठ वाजता न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर येतंय. वर्षभर दोन वडीलधाऱ्यांचं पाणी कसंबसं वाहून नेणारी सांडपाण्याची लाइन अठरा जणांसमोर हात टेकते. मग कुणीतरी गवंडी आणतं, तो अंदाजाने पहार घालतो, आणि आरतीच्या वेळी पडवीत मातीचा ढीग असतो.

हा अंदाज मीही केलेला आहे. पाइपात घालून आतलं बघायचा कॅमेरा माझ्याकडे नव्हता तेव्हा मालवणजवळच्या एका घरात मी पडवीचा जुना लाल कोबा तीन ठिकाणी फोडला. दोष निघाला बाहेर आगरात, माडाच्या बुंध्याशी. त्या घरातल्या काकी काही बोलल्या नाहीत, चहा दिला. आजही तिथे गेलो की नजर आधी त्या सिमेंटच्या तीन ठिगळांवर जाते. लादी फोडायच्या आधी लाइन आतून बघा, असं मी प्रत्येक घरी जीव तोडून सांगतो ते त्यामुळेच.

पण कॅमेरा बोलावण्याआधी घरातल्या घरात थोडं तपासून घ्या. एकच बेसिन सावकाश उतरत असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात असतो, कॅमेऱ्याची गरज नाही. घर आठ महिने बंद होतं आणि आता नुसता वास येतोय, तर बहुधा नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता आणि दिवसभर थांबा. संडास, न्हाणी, मोरी सगळंच एकदम अडलं असेल तर चेंबरची झाकणं उघडा. वरचं, म्हणजे घराकडचं चेंबर भरलेलं आणि खालचं, टाकीकडचं कोरडं, म्हणजे अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळीच तुडुंब, तर सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा भरलाय. तिथे आधी गाळ उपसणारी गाडी लागते. कुठला पाइप कुठल्या चेंबरला येतो हेच ठाऊक नसेल तर कपड्यांची नीळ पाण्यात कालवून संडासात ओता आणि खाली कुठे निळं दिसतंय ते बघा.

टाकीचं झाकण उघडलं तर तिच्यावर वाकू नका, जवळ काडी पेटवू नका. आणि कितीही ओळखीचा माणूस ‘मी उतरतो’ म्हणाला तरी त्याला आत उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. सफाईसाठी माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता कॅमेरा. फोनला जोडायचा स्वस्त कॅमेरा मिळतो, पण त्याची वायर मऊ असते, पहिल्याच बेंडला दुमडते. बेसिनच्या पाइपात बघायला तो ठीक. चार इंची लाइनला ताठ रॉडवरचा कॅमेरा लागतो, निदान २० मीटर लांबीचा. काम ठरवताना त्या माणसाला तीन गोष्टी विचारा. पडद्यावर मीटर दिसतात का? रेकॉर्डिंग माझ्याकडे देणार का? आणि कॅमेऱ्याच्या डोक्यात सोंड आहे का? सोंड म्हणजे छोटा ट्रान्समीटर, बहुतेक ५१२ हर्ट्झचा. वर जमिनीवर रिसीव्हर फिरवला की कॅमेरा नेमका कुठे थांबलाय ते कळतं. सोंड नसेल तर टेपने मोजावं लागतं, आणि मधे दोन बेंड आले की टेप हातभर फसवते.

कॅमेरा चेंबरमधून घालायचा, संडासाच्या भांड्यातून नाही. भांड्याच्या वळणात तो अडकतो आणि ओरखडे उठतात ते वेगळेच. पाइप भरलेला असेल तर पडद्यावर नुसता चहा दिसतो, म्हणून आधी रॉड मारून किंवा पाण्याच्या प्रेशरने तुंबलेलं पाणी उतरवून घ्यायचं. मात्र पाणी थोडंफार वाहत असेल तर सफाईआधी एक फेरी मारून घ्याच. मुळं कापून टाकल्यावर ती नेमकी कुठल्या सांध्यातून आली ते दाखवायला काही उरत नाही. पाइपाच्या तोंडाशी मीटर शून्यावर आणायचे, घरातला एक नळ बारीक सोडायचा आणि कॅमेरा शेवटपर्यंत न्यायचा. खरं बघणं परत ओढताना होतं, सावकाश, प्रत्येक सांध्याशी थांबून.

त्या वेळी तुम्ही पडद्याशेजारी उभे राहा. एका घरातल्या आजी “माका पण बघूक दी” म्हणत खुर्ची घेऊन बसल्या, आणि ७ मीटरवर बोट ठेवून “ह्या काय?” असं पहिलं त्यांनीच विचारलं. सांध्याच्या वरच्या अंगाने पांढुरकी, ओल्या केसांसारखी जटा लोंबत होती आणि तिच्यात कागदाचा लगदा अडकला होता. ती माडाची मुळं. माडाचं मूळ जाड होत नाही, पण एका बारीक फटीतून शेकडो तंतू आत येतात आणि पाइपात बोळा तयार होतो. वड, उंबर यांचं वेगळं. ते मूळ आत शिरून जाड होतं आणि पाइपच फोडतं. त्यामुळे उंबराजवळ नुसतं मूळ कापून भागत नाही, तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे पोट. पाइप मधेच बसलेला असतो. कॅमेरा पाण्यात बुडतो आणि दोन मीटरांनी पुन्हा वर येतो. नळ बंद करून दहा मिनिटं थांबा. पाणी तिथेच असेल तर ढाळ गेलाय. चार इंची पाइपाला दहा फुटांना तीन इंच ढाळ धरतात. भरावाची माती नीट न चोपता तिच्यात पाइप टाकला की दोन-तीन पावसाळ्यांत तो बसतो. इथे रॉड कितीही मारा, महिन्याने पुन्हा तेच.

तिसरी जागा जोत्याची. जांभ्या चिऱ्याच्या जोत्यातून पाइप बाहेर काढताना गवंडी तो सिमेंटमध्ये घट्ट बांधून टाकतो. बाहेरची माती खचते, जोतं जागचं हलत नाही, आणि पाइप त्या कडेला तुटतो. पडद्यावर गोल पाइपाऐवजी चंद्रकोर दिसली तर समजा तेच झालंय. दुरुस्तीत तिथे मोठ्या पाइपाची बाही ठेवून त्यातून लाइन न्यायला सांगा.

चिकट पिवळे थर दिसले तर ते मोरीतलं तेल आणि खोबऱ्याचा चोथा. त्याला प्रेशर पुरतं, खोदाई नको.

एक मात्र समजून घ्या, कॅमेऱ्याला पाइपाच्या बाहेरचं काही दिसत नाही. सांध्यातून पाणी बाहेर मुरतंय का, याचा अंदाज पावसाळ्यात उलट्या बाजूने येतो. श्रावणात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा फुटक्या सांध्यातून स्वच्छ पाण्याची धार आत येताना दिसते. ज्या फटीतून पावसाळ्यात पाणी आत येतं, तिच्यातूनच उन्हाळ्यात मैला बाहेर जातो. विहीर जवळ असेल तर हे बघणं मी कधीच टाळू देत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा असं भारतीय मानक सांगतं, पण आपला जांभा सच्छिद्र, त्यातल्या पोकळ्यांमधून पाणी भराभर चालतं. फुटकी लाइन विहिरीकडच्या अंगाला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, उकळूनही नको. आणि काम संपल्यावर कॅमेऱ्याची केबल विहिरीच्या काठावर कुणाला धुऊ देऊ नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितोय.

खोदाई दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती बसलेली असते, चर ढासळत नाही. दुरुस्ती झाली की चर बुजवण्याआधी पुन्हा एकदा कॅमेरा घालायला लावा. पैसे द्यायचे ते त्यानंतर.

रेकॉर्डिंग घरातल्या दोघातिघांच्या फोनवर टाकून ठेवा. एका कागदावर घराचा चौकोन काढा, त्यात चेंबरं, टाकी आणि प्रत्येकाचं भिंतीपासूनचं अंतर फुटांत लिहा आणि तो कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. खळं नव्याने करताना चेंबरच्या झाकणावर लादी बसवू देऊ नका.